गुरू अकरापट मोठा की तेराशेपट?

प्रश्न असा: एका पुस्तकात ‘गुरू पृथ्वीच्या अकरापट मोठा’ असं आहे आणि दुसऱ्यात ‘तेराशेपट मोठा’. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. पहिल्याने व्यास मोजला, दुसऱ्याने घनफळ. विषुववृत्तावर गुरूचा व्यास १,४२,९८४ किलोमीटर आणि पृथ्वीचा १२,७५६, म्हणजे अकरापटीहून किंचित जास्त. घनफळ व्यासाच्या घनाने वाढतं, म्हणून ते तेराशेच्या वर जातं. (हे आकडे घेऊन हिशेब केलात तर १,४००च्या आसपास उत्तर येईल. गुरू ध्रुवांकडे पृथ्वीपेक्षा बराच चपटा आहे, त्यामुळे विषुववृत्तावरचा व्यास धरला की उत्तर फुगतं.) उद्या तिसऱ्या पुस्तकात ‘३१८ पट’ सापडलं, तर तेही बरोबर, फक्त ते वस्तुमान आहे.

घोळ आहे तो नुसत्या ‘मोठा’ने. एरवी मराठीत आपण वयाने मोठा, मानाने मोठा, अंगापिंडाने मोठा असं सांगतो. तृतीयेचा तोच ‘ने’ ग्रहांनाही लावावा: व्यासाने अकरापट, घनफळाने तेराशेपट, वस्तुमानाने ३१८ पट. मग वाद उरत नाही.

‘आकाराने मोठा’ म्हटलं तर? माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. आकार म्हणजे घडणही: शनीचा आकार चपटा, हौमेया या बटुग्रहाचा अंड्यासारखा लांबट. ‘आकारमान’ही निसरडंच. घनतेच्या सूत्रात वस्तुमानाला आकारमानाने भागतात, तिथे आकारमान म्हणजे सरळ घनफळ. बोलताना मात्र तोच शब्द व्यासापासून लांबीरुंदीपर्यंत कशालाही चालतो. त्यापेक्षा व्यास किंवा घनफळ म्हणावं, दोन्ही शब्द शाळेपासून ओळखीचे आहेत.

हा नुसता काटेकोरपणाचा हट्ट नाही, कारण ‘ने’ बदलला की क्रमच उलटतो. युरेनसचा व्यास ५१,११८ किलोमीटर, नेपच्यूनचा ४९,५२८. पण वस्तुमान पाहिलं तर युरेनस साडेचौदा पृथ्व्यांएवढा आणि नेपच्यून सतरा. मग मोठा कोण? गुरूचा उपग्रह गॅनिमीड व्यासाने बुधापेक्षा मोठा आहे, तरी बुधाचं वस्तुमान त्याच्या दुपटीहून जास्त भरतं, कारण बुधाच्या पोटात लोखंड आहे आणि गॅनिमीडमध्ये बर्फाचा वाटा मोठा. प्लूटो आणि एरिस या बटुग्रहांचंही तसंच: प्लूटो व्यासाने थोडा मोठा, एरिस वस्तुमानाने.

प्रश्नात नाही, पण ओघाने आलंच आहे म्हणून ‘चंद्र पृथ्वीपेक्षा चौपट लहान’ या रचनेबद्दल. ती मला खटकते. ‘पट’ हा वाढीचा हिशेब आहे. एखादी गोष्ट एकपट लहान झाली की उरतं काय? घटीसाठी मराठीत पाव, निम्मा, पाऊण असे नेमके शब्द आहेत. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या पाव भागाहून थोडा जास्त, मंगळाचा निम्म्याहून थोडा जास्त. त्याखाली उतरलं की ‘हिस्सा’ कामाला येतो: चंद्राचं घनफळ पृथ्वीच्या सुमारे पन्नासावा हिस्सा, वस्तुमान एक्क्याऐंशीवा.