सुईच्या आधी बाटल्या

जळगाव

चि. डॉक्टरांस अनेक आशीर्वाद.

रावेरकडच्या त्या शेतकरी बाईंविषयीचे तुझे पत्र मिळाले. उजवा गुडघा आठ महिने सुजलेला, बाकीचे सांधे निरोगी, आरए फॅक्टर (आमवाताची एक रक्ततपासणी) निगेटिव्ह, आणि दोन दवाखान्यांत मिळून गुडघ्यात दोनदा स्टेरॉइडचे इंजेक्शन झालेले; अशा वेळी सांध्याच्या अस्तराची, म्हणजे सायनोव्हियमची, बायोप्सी करावी का, असे तू विचारतोस. करावी, आणि तिसऱ्या इंजेक्शनाचा विचार मनात येण्याआधी करावी. एकच सांधा महिनोन्महिने सुजून राहिला की आपल्याकडे क्षयाचा संशय आधी घ्यावा लागतो, आणि क्षयाच्या सांध्यात स्टेरॉइड गेले तर रोगाला मोकळे रान मिळते. नुसते पाणी काढून तपासण्यावर विसंबू नकोस. पाण्यात ते जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच सापडतात, अस्तराचा तुकडा मात्र बरेच काही सांगून जातो.

तुकडा कशात ठेवायचा, हे सुई हातात घेण्याआधी ठरले पाहिजे. उमेदीच्या काळात मी एका तरुणाच्या गुडघ्यातले सगळे तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले होते. अहवालात ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्षयात दिसणारा पेशींचा पुंजका, आला, परंतु फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरत असल्यामुळे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता आली नाही आणि ते जंतू औषधांना दाद देतील की नाही, हे कळायला मार्ग उरला नाही. त्या मुलाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, त्याच्या वडिलांची पुन्हा एकदा मजुरी बुडाली, आणि त्याची खंत मला आजही आहे. म्हणून पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिन, कल्चर आणि सीबीनॅटसाठी (क्षयाच्या जंतूंची जनुकीय तपासणी) निर्जंतुक सलाइन, आणि गाऊटची शंका असेल तर एक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये, कारण गाऊटमध्ये सांध्यात साठणारे युरेटचे स्फटिक फॉर्मॅलिनच्या पाण्यात विरघळून जातात. सूज अस्तरात सगळीकडे सारखी नसते, तेव्हा गुडघ्यातून किमान ६ तुकडे घे. सोनोग्राफीखाली, जागा बधिर करून घेतले तर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तेवढे आधी विचार.

बाईंना आणखी एक विचार: आठ-दहा महिन्यांपूर्वी शेतात, कुंपणाशी, गुडघ्यात बाभळीचा काटा मोडला होता का? काटा एक्स-रेत दिसत नाही, पेशंटही तो विसरून जातो, आणि सांधा मात्र महिनोन्महिने धुमसत राहतो. अशी शंका पॅथॉलॉजिस्टला अर्जावरच कळव, म्हणजे तो ध्रुवित प्रकाशात वनस्पतीचे कण शोधील. न सांगता ते त्याच्या नजरेस पडतीलच असे नाही.

आमवाताच्या रुग्णांचे औषध बायोप्सी पाहून ठरवावे का, हा तुझा दुसरा प्रश्न वेगळा आहे. अनेक सांधे सुजलेल्या, अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक रक्ततपासणी) पॉझिटिव्ह रुग्णाला मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध सुरू करायला बायोप्सी लागत नाही. अस्तरात बी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) किती आहेत हे पाहून महागडे जैविक औषध निवडता येईल, ही कल्पना मलाही मोहवते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आर४आरए चाचणीत, टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या द्रव्याला अडवणाऱ्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या अस्तरात बी-पेशी कमी होत्या, त्यांना बी-पेशी नष्ट करणाऱ्या रिटुक्सिमॅबपेक्षा टोसिलिझुमॅब या दुसऱ्या जैविक औषधाचा अधिक उपयोग झाला. पण तो फरक जनुकीय तपासणीने केलेल्या वर्गवारीत स्पष्ट दिसला, नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या वर्गवारीत नाही. पुढे २०२३ साली, जैविक औषध पूर्वी न घेतलेल्या रुग्णांवरच्या स्ट्रॅप चाचणीत तसा लाभ दिसला नाही. म्हणून ज्या घरात एका इंजेक्शनासाठी कापसाचे पैसे येण्याची वाट पाहिली जाते, तिथे 'तुकडा काढला की योग्य औषध कळेल' असे आश्वासन तू देऊ नयेस, असे मला मनापासून वाटते.

बाईंचे कल्चर यायला सहा ते आठ आठवडे लागतील. हे त्यांना आणि घरच्यांना बायोप्सीच्या दिवशीच समजावून सांग आणि चिठ्ठीवरही लिहून दे, नाहीतर दुखणे असह्य झाले की मधल्या काळात कुणीतरी तिसरे इंजेक्शन देऊन मोकळे होईल.

तुझा,
सर