विचारलंत म्हणून सांगते

या खेपेच्या टपालात निम्मी पत्रं पावसाबद्दल आहेत आणि निम्मी पावसात कुठे जावं याबद्दल. एकाच बैठकीत दोन्ही उरकते.

आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ठरवून काढलेली सहल हमखास मोडते. कधी कुणाची सून माहेरी जाते, कधी कुणाचे गुडघे. मागच्या महिन्यात मात्र तिघी भाजी आणायला निघालो आणि पिशव्यांसकट कर्जतला जाऊन वडा खाऊन आलो! घरचे म्हणतात, हे वय आहे का? — एक वाचक, मुलुंड

वय हेच आहे. पंचविशीत घरी विचारावं लागायचं, आता नुसतं कळवायचं.

माझीच गोष्ट सांगते. 1991 चा जुलै. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. रात्रपाळी संपवून सकाळी चौघी व्ही.टी.ला आलो, तर समोर कर्जत लोकल उभी. आमच्यातली गिरगावची म्हणाली, "चला गं, माथेरानच्या झुकझुक गाडीत बसू." बसलो. नेरळला उतरून ऐटीत खिडकीशी गेलो, तर आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, पावसाळ्यात गाडी बंद असते." 1907 पासून धावणाऱ्या गाडीची एवढी साधी गोष्ट दिवसभर लोकांना नंबर जोडून देणाऱ्या चौघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हती. आता पावसाळ्यातही अमन लॉज ते माथेरान अशी शटल असते, पण नेरळहून घाट चढणारी गाडी त्या दिवसांत आजही बंदच.

मग टॅक्सीने दस्तुरीपर्यंत. त्यापुढे मोटार जात नाही. उरलेले अडीच-तीन किलोमीटर ऑफिसच्या साड्यांत, लाल चिखलातून, घोड्यांची लीद चुकवत. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाजारातल्या चिक्कीवाल्याने पुडा बांधायची सुतळी काढली, तिचे चार वेढे मारले आणि वर म्हणाला, "चिक्की घेतली तर सुतळी फुकट." रात्रीच्या रिकाम्या डब्यांतून चिक्की भरून आणली. धुकं इतकं की एकही पॉइंट दिसला नाही. ती चप्पल मी सुतळीसकट दिवाळीपर्यंत वापरली.

तेव्हा जा, खुशाल जा. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघतानाच बघा आणि घरी खरं ठिकाण सांगा. "देवळात आहे" म्हणून सांगायचं आणि मागून "अगला स्टेशन बदलापूर" ऐकू यायचं, असं नको. आणि धबधब्याखाली उभं राहायचं नाही. डोंगरावर कुठे पाऊस पडतोय ते खाली दिसत नाही, पाणी अचानक वाढतं. पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांवर बंदी असते, ती उगाच नसते. वडा मात्र कितीही खा.

बातम्यांत "कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके" सांगतात. मिलिमीटर म्हणजे नेमकं किती पाणी? आणि आमच्या भांडुपचं काय? — एक विद्यार्थी

शाब्बास. आमच्या बिल्डिंगमध्ये हा आकडा रोज मोठ्याने वाचून दाखवणारे तिघे आहेत, अर्थ एकालाही सांगता येत नाही.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आता दहा फूट बाय दहा फुटांची गच्ची धर. तिच्यावर 100 मिलिमीटर पडला तर साधारण 930 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या बासष्ट बादल्या. सोसायटीची सगळी गच्ची, रस्ता, मैदान यांच्या बादल्या तू मोज, मला चक्कर येते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतात. म्हणून रात्री कोसळलेला पाऊस "कालच्या" हिशेबात दिसतो. कुलाबा आणि सांताक्रूझ या खात्याच्या जुन्या वेधशाळा, बातमीत त्यांचीच नावं येतात. पण त्या दोघींचंही एकमेकींशी पटेलच असं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि विसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. तेव्हा भांडुपचा पाऊस भांडुपच्या खिडकीतून बघ.

तुळशी तलाव भरून वाहू लागला, अशी बातमी वाचली. मग आमची पाणीकपात का उठत नाही? — एक त्रस्त गृहिणी, परळ

कारण तुळशी म्हणजे आपल्या सात तलावांतलं शेंडेफळ. सातांची मिळून साठवण 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर, त्यात तुळशीचा वाटा 8,046. अर्धा टक्का धरा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असल्यामुळे फोटो छान येतो, एवढंच. तो भरला की पाणी विहारमध्ये उतरतं आणि विहार भरला की मिठी नदीत. कपात उठायची तर पाऊस तिकडे शहापूरकडे पडायला हवा. एकट्या भातसात जवळजवळ निम्मं पाणी असतं. बातमीत भातसा हे नाव शोधा आणि तोवर पिंप भरून ठेवा.

आम्ही चार मित्र रविवारी काहीच न ठरवता कसारा लोकलमध्ये बसलो, कसाऱ्याला उतरलो आणि पुढच्या लोकलने परत आलो. याला सहल म्हणायची का? — एक वाचक, लालबाग

चहा घेतलात ना? मग झाली सहल. पण तासभर थांबला असतात तर गंमत बघायला मिळाली असती. कसाऱ्यापुढे थळ घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट असा आहे. म्हणून इगतपुरीकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्यांना तिथे मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती जोडताना डब्याला हलकासा धक्का बसतो आणि वरच्या बर्थवर झोपलेला माणूस हमखास विचारतो, "नाशिक आलं का?"