लॅपचा डेटा एजंटच्या हाती देताना काय लिहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फास्टएफवन ही पायथन लायब्ररी वापरून तुम्ही फॉर्म्युला वनच्या लॅप्स (ट्रॅकच्या फेऱ्या) देणारं टूल केलं आणि एआय एजंटला जोडलं. टूल आकडे बरोबर देतं, तरी एजंटची उत्तरं चुकतात. मग डॉक्युमेंटेशन किती लिहायचं?

असंच टूल मी दोन सीझन चालवतोय. किती लिहायचं ते नंतर बघू, आधी कुठे लिहायचं ते ठरवा. माणसांसाठी लिहिलेलं लांबलचक रीडमी, म्हणजे माहितीची फाईल, एजंट बहुतेक वेळा उघडतच नाही. त्याच्यासमोर टूलचं वर्णन असतं, पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीची) वर्णनं असतात आणि टूलने परत दिलेलं उत्तर असतं. ज्याने शर्यत पाहिली आहे तो अचानक वीस सेकंदांनी वाढलेली लॅप बघून ओळखतो की गाडी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, गेली असणार. एजंटच्या हातात नुसतं कॉलमचं नाव. म्हणून आकडा म्हणजे काय हे सांगाल तिथेच तो कशासाठी वापरू नये हेही सांगा.

माझं पहिलं वर्णन एका ओळीचं होतं: 'ड्रायव्हरच्या लॅप्स देतं.' शर्यतीतला पेस (गाडीचा खरा वेग) विचारला की एजंट पिटमध्ये शिरतानाची लॅप, बाहेर पडतानाची लॅप, सेफ्टी कारमागच्या (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीमागच्या) लॅप्स, सगळ्यांची मिळून सरासरी काढायचा. आता तिथे हे आहे:

'एका सेशनमधल्या एका ड्रायव्हरच्या सगळ्या लॅप्स. पिटच्या आणि सेफ्टी कारमागच्या लॅप्सही यात आहेत. पेस काढायचा असेल तर हे टूल नको, स्वच्छ लॅप्सचं टूल वापरा. ट्रॅकस्टेटस ही संख्या नाही, त्यातला एकेक अंक सुटा वाचा: १ ट्रॅक मोकळा, २ पिवळा झेंडा, ४ सेफ्टी कार, ५ लाल झेंडा, ६ व्हर्च्युअल सेफ्टी कार.'

शेवटचं वाक्य अगदी गरजेचं आहे. एकाच लॅपमध्ये आधी पिवळा झेंडा आणि मग सेफ्टी कार आली की त्या रकान्यात '२४' दिसतं. माझ्या एजंटने त्याला चोवीस नंबरचा कोड समजून त्याचा अर्थही स्वतःच लावला होता.

सेशनच्या नावांवर मात्र वेळ घालवा, इथे घोळ मोठा आहे. २०२१ मध्ये 'स्प्रिंट क्वालिफाइंग' म्हणजे शनिवारची छोटी शर्यतच. २०२३ मध्ये स्प्रिंटची, म्हणजे त्या छोट्या शर्यतीची, ग्रिड (सुरुवातीचा क्रम) ठरवणारं सेशन 'स्प्रिंट शूटआउट' झालं आणि २०२४ पासून त्याच प्रकारच्या सेशनला 'स्प्रिंट क्वालिफाइंग' म्हणतात. म्हणजे नाव तेच, पण वर्षाप्रमाणे अर्थ वेगळा. पॅरामीटरच्या वर्णनात हे वर्षांसकट लिहा. ड्रायव्हरच्या नंबराचंही तसंच. वेरस्टॅपेन २०२१ मध्ये ३३ होता, २०२२ मध्ये १ झाला. तीन अक्षरी कोड मागितलात तर हा प्रश्न येत नाही.

'सर्वात वेगवान' या शब्दाचीही व्याख्या द्या. २०२४ च्या कॅनडा ग्रां प्रीच्या क्वालिफाइंगमध्ये रसेल आणि वेरस्टॅपेन दोघांचीही वेळ १:१२.००० होती. पोल (सुरुवातीची पहिली जागा) रसेलला मिळाली, कारण त्याने ती आधी नोंदवली. नुसतं वेळेवर सॉर्ट केलंत तर पहिला कोण येईल याचा भरवसा नाही. रद्द झालेल्या लॅप्सचं काय करता तेही सांगा. २०२२ मध्ये ऑस्ट्रियात पेरेझची क्वालिफाइंगच्या दुसऱ्या टप्प्यातली वेळ ट्रॅक लिमिट्समुळे (ट्रॅकच्या कडेबाहेर गेल्यामुळे) मागाहून रद्द झाली आणि तो तेराव्या जागी गेला.

टूलने परत दिलेलं उत्तरही डॉक्युमेंटेशनच आहे. या लायब्ररीत टेलिमेट्री (गाडीचा वेग, ब्रेक वगैरेंची क्षणाक्षणाची नोंद) २०१८ पासून मिळते. कोणी २०१६ ची मागितली आणि तुम्ही रिकामी यादी दिलीत, तर एजंट म्हणणार की ड्रायव्हरने लॅपच मारली नाही. त्याऐवजी 'टेलिमेट्री २०१८ पासूनच आहे' असं वाक्य परत द्या. लॅपची वेळ नसेल तर नॅन ('संख्या नाही' ही खूण) पाठवू नका, ते वैध जेसॉन (टूलच्या उत्तराचा फॉरमॅट) नाही. नल (रिकामं मूल्य) द्या आणि शेजारी कारण लिहा. वेळ सेकंदांत द्या आणि वाचायच्या रूपातही द्या: ७८.८८७ आणि १:१८.८८७.

आणि ब्रेक! टेलिमेट्रीत ब्रेक फक्त हो किंवा नाही असा असतो, दाब किती ते नसतं. हे लिहिलं नाही तर एजंट 'त्याने इथे हलका ब्रेक लावला' असं बिनदिक्कत सांगतो, आणि वाचणाऱ्याला ते खरंही वाटतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच चुकीची वाटते.

वर्णन बदललंत की दरवेळी एजंटशी नवं संभाषण सुरू करून, फक्त टूल जोडून, ठरलेले प्रश्न विचारा. माझा पहिला प्रश्न २०२० च्या मोंझातल्या हॅमिल्टनच्या पोल लॅपचा असतो: १:१८.८८७, ट्रॅक ५.७९३ किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी २६४ किलोमीटरच्या थोडी वर. दुसरा प्रश्न मुद्दाम अशक्य असतो: मोंझाच्या पहिल्या वळणावर ब्रेकचा दाब किती होता? त्यावर 'हा डेटा उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तरच मी नवं वर्णन ठेवतो.