काळ्या मातीवर रिसर्च करणार असशील तर
अरे एमटेकला जिओटेक (माती आणि पायाचं इंजिनिअरिंग) घेतलंस ना, मग सॉफ्टवेअर राहू दे बाजूला, आधी फ्री स्वेल टेस्ट, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते बघायची चाचणी, स्वतःच्या हाताने कर. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली सुकी माती, १०-१० ग्रॅम, एका सिलिंडरमध्ये पाणी, दुसऱ्यात रॉकेल, नीट ढवळून हवा काढ आणि २४ तास हात लावू नको (मी लावला होता, परत करावी लागली). रॉकेलात माती गप्प बसते, पाण्यात फुगते, तो फरक डोळ्यांनी बघ. मग आयआयटी बॉम्बेच्या प्रा. कट्टींचं सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) लेअरचं काम वाच, म्हणजे काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर कुटून घातला की खालचं फुगणं कसं दबतं ते. आणि कुठलाही मुरूम सीएनएस म्हणून चालत नाही हां, तोही टेस्ट कर.