भ्रमाचा अभ्यास कोठून सुरू करावा
तुम्ही या विषयात नवे आहात, म्हणून माझा आग्रह आहे की ‘मानसिक आजार म्हणजे मेंदूचाच आजार का’ या व्यापक प्रश्नापासून आरंभ न करता कापग्रा भ्रमासारखे एकच उदाहरण घेऊन त्यात मुरावे. १९२३ साली फ्रान्समध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत रुग्णाला स्वतःची पत्नी किंवा वडील हुबेहूब दिसणारे तोतये वाटतात. १९९७ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या त्वचेचा विद्युत प्रतिसाद (भावना जागताच सूक्ष्म घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल) ओळखीच्या चेहऱ्यांनाही अनोळखी चेहऱ्यांइतकाच आढळला. म्हणजे चेहरा ओळखला जातो, पण आपलेपणा उमटत नाही. येथे कोडे सुटले असे मलाही प्रथम वाटले होते. परंतु कपाळामागील मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या काहींमध्येही हा प्रतिसाद मंदावतो, आणि तरीही त्यांना घरची माणसे तोतया वाटत नाहीत. मग रुग्ण ही कल्पना का सोडत नाही, आणि तो त्याच ‘तोतया’च्या हातचे निर्धास्तपणे जेवत असेल तर त्या कल्पनेला समजूत तरी म्हणावे का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उपचार करणाऱ्यालाही टाळता येत नाही. आजाराचे कारण शोधणे आणि रुग्णाचा अनुभव समजून घेणे यांतील जो भेद जर्मन मनोविकारतज्ज्ञ व तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ च्या सुमारास मांडला, तो आधी वाचा. मेंदूच्या प्रतिमा त्यानंतर पाहा.