दुसऱ्या रकान्यात काय लिहिलं होतं?

‘इतकी वर्षं लिहितेय, पण सगळं परत येतं. लिहिणं थांबवावं का?’ दिवाळी अंक बाजारात आले की आम्हा समुपदेशकांकडे हा प्रश्न हमखास येतो. तो विचारणाऱ्या एका बाईंची ही हकिकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या, बँकेत नोकरीला. दोन वर्षांत सात कथा पाठवल्या, एकही छापून आली नाही. सहांना उत्तरच नाही. सातवीवर संपादकांनी दोन वाक्यं लिहिली होती. त्यानंतर तीन आठवडे वही उघडली नव्हती. पत्रात काय आहे, विचारल्यावर बाई म्हणाल्या, “मला लिहिता येत नाही, असं कळवलंय.” पत्र पर्समध्येच होतं. मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘सुरुवात रेंगाळते. आईचं पात्र पटत नाही.’ बाईंनी पत्र उलटून मागची बाजूही बघितली. ती कोरी होती.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे विचार तपासून भावना बदलण्याच्या पद्धतीत, आम्ही अशा वेळी वाक्यातला हट्टाचा ‘च’ शोधतो. ‘कथा छापून यावी’ ही इच्छा झाली. ती परत आली तर वाईट वाटतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. ‘छापून आलीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही मागणी झाली, आणि वही बंद पडते ती हिच्यामुळे. (झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर कथा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. इथे तसं नव्हतं.)

मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात आलेले शब्द जसेच्या तसे. दुसऱ्यात ‘मला काय ऐकू आलं’. तिसऱ्यात ‘कथेत कुठे तपासता येईल’. ‘आईचं पात्र पटत नाही’ याच्यासमोर तिसऱ्या रकान्यात बाईंनी आई येते ती पानं लिहिली. सहा ठिकाणं निघाली. सहाही ठिकाणी आई रडत होती.

‘सुरुवात रेंगाळते’ हे तपासायला तीन वाचक लागले. घरचे नकोत, ते एकतर कौतुक करतात नाहीतर चुका काढतात. तिघांना छापील प्रत आणि पेन्सिल दिली. सूचना एकच: जिथे मन भरकटेल तिथे फक्त टिंब, कारण लिहायचं नाही. दोघांची टिंबं वाड्याच्या दीड पानी वर्णनात पडली. तिसऱ्याला वाडाच आवडला. म्हणून वाडा गेला नाही, चार ओळींचा झाला. वाचकाला दुखतं कुठे ते नेमकं सांगता येतं. औषध मात्र तो बहुधा चुकीचं सुचवतो.

मध्ये एक घोटाळा झाला. उत्साहाच्या भरात बाईंनी व्हॉट्सॲप गटावरच्या सगळ्या सूचना दहा दिवसांत कथेत घातल्या. आई आता भाषण ठोकू लागली. मूळ प्रत वेगळी ठेवायला सांगायचं आमच्याकडून राहून गेलं होतं. हस्तलिखित होतं म्हणून निभावलं. टीका आल्यावर निदान आठवडाभर मजकुराला हात लावू नये, आणि एका खर्ड्यात एकच गोष्ट दुरुस्त करावी.

उरलेल्या सहांचं काय? मौनातून काही शिकता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. पानं भरलेली असतात, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते, शब्दमर्यादा ओलांडलेली असते, किंवा जुन्या फॉन्टमधली फाइल उघडतच नाही. म्हणून युनिकोडमध्ये पाठवावं, दोन महिन्यांनी एकदा विचारावं, आणि मग दुसरीकडे पाठवून मोकळं व्हावं. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आजच्या धबडग्यात संपादकाने दोन वाक्यं लिहिली, तर कुणीतरी कथा नीट वाचली म्हणून समजावं.

तिसऱ्या खर्ड्यात आई रडत नाही. पाहुणे गेल्यावर कपबश्या मोजते, एक कमी भरते, ती पुन्हा मोजते. कथा दुसऱ्या अंकाकडे गेली आणि परत आली: ‘कथा चांगली, पण लांबली आहे.’ पुढच्या भेटीला बाईंनी वही आणली. तिसऱ्या रकान्यात पान ९ आणि ११ असं लिहिलं होतं. दुसरा रकाना कोरा होता.