फ्रीफॉर्म आरशाची दोन मोजमापे जुळत नाहीत, तेव्हा काय तपासावे

आपला प्रश्न असा आहे की, डायमंड टर्निंगने (हिऱ्याच्या हत्याराने कातून) कापलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रीफॉर्म, म्हणजे सममितीचा अक्ष नसलेल्या वक्र, आरशाची आकारत्रुटी मशीनवरच मोजली तेव्हा ०.३ मायक्रॉन आली, जॉब (म्हणजे तो आरसा) उतरवून प्रोफाइलोमीटरवर (पृष्ठभागाची उंची बिंदूबिंदूने नोंदवणाऱ्या उपकरणावर) मोजल्यावर ती १ मायक्रॉनच्या घरात गेली, आणि इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींच्या साहाय्याने आकार मोजणाऱ्या उपकरणावर) तर फ्रिंजच, म्हणजे काळे-उजळ पट्टेच, सुट्या दिसत नाहीत. मग खरे कोणते मानायचे?

माझ्या मते सर्वांत आधी संदर्भ, म्हणजे आरसा मोजताना नेमका कुठे व कसा बसला होता ते, तपासावे. गोलीय पृष्ठभाग मोजताना जॉब थोडा बाजूला सरकला, तर त्याचा परिणाम जवळजवळ निव्वळ कल (पृष्ठभाग तिरका असणे) या रूपाने दिसतो आणि सॉफ्टवेअर तो वजा करते. फ्रीफॉर्मला मात्र सममितीचा अक्षच नसतो. जेथे उतार ५ अंश आहे, तेथे जॉब १० मायक्रॉन सरकला की उंचीत सुमारे ०.८७ मायक्रॉनचा फरक पडतो. हा उतार सर्वत्र एकाच दराने बदलत नसल्यामुळे कल वजा केल्यावरही काही भाग उरतो आणि तो कोमा किंवा ॲस्टिग्मॅटिझमसारखा, म्हणजे थेट आरशाचाच दोष असल्यासारखा दिसतो. म्हणूनच आरसा कापतानाच, त्याच सेटिंगमध्ये, कडेला संदर्भखुणा आणि एक सपाट संदर्भपृष्ठ कापून घेणे मी अत्यावश्यक मानतो.

मशीनवरच्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नये. तेथे मोजणारा प्रोब ज्या अक्षांवर चालतो त्याच अक्षांनी आरसा कापलेला असतो, त्यामुळे अक्षांतली चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि मोजमापात दिसतच नाही. शिवाय व्हॅक्यूम चकने (हवा शोषून जॉब धरणाऱ्या पकडीने) धरलेला पातळ जॉब सुटला की आपल्या मूळ ताणानुसार वाकतो.

इंटरफेरोमीटरचे कारण सोपे आहे: ६३२.८ नॅनोमीटरच्या लेसरमध्ये परावर्तनात दर ०.३१६ मायक्रॉन उंचीला एक फ्रिंज पडते, आणि प्रत्येक फ्रिंजला कॅमेऱ्याचे किमान दोन पिक्सेल लागतात. पृष्ठभाग गोलापासून फार दूर गेला की फ्रिंजा एकमेकींत मिसळतात. यावर संगणकनिर्मित होलोग्राम (लेसरचा प्रकाश अपेक्षित आकाराशी जुळवून देणारी सूक्ष्म नक्षी) हा चांगला उपाय आहे, पण मग त्याची जुळवणी हीच नवी शंकेची जागा होते. हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर आरशाबाबत नेमके असेच घडले: तपासणीच्या नल करेक्टरमध्ये (होलोग्रामसारखेच प्रकाश जुळवण्याचे काम करणाऱ्या जोडणीत) एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले, आरसा त्या चुकीशी काटेकोरपणे जुळवून घासला गेला आणि त्याची कड सुमारे २ मायक्रॉन अधिक सपाट झाली. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी विसंगती दाखवली होती. ती बाजूला सारली गेली. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि दुरुस्तीला डिसेंबर १९९३ उजाडला.

म्हणून आपण आरसा प्रोफाइलोमीटरवर संदर्भखुणांवरून पुन्हा बसवून मोजावा. खुणा नसतील तर आडवे सरकणे आणि अक्षाभोवतीचे फिरणे हेही फिटिंगमध्ये (मोजमाप अपेक्षित आकाराशी जुळवण्याच्या गणितात) मोकळे ठेवून त्रुटी किती उतरते ते पाहावे. मग जॉब ९० अंश फिरवून पुन्हा मोजावा. त्रुटीचा नकाशा आरशाबरोबर फिरला तर दोष आरशात आहे. जागेवरच राहिला तर तो उपकरणात आहे. हे ठरेपर्यंत सुधारणेचा कट घेऊ नका, कारण मोजमाप चुकीचे असेल तर तो कट तीच चूक धातूत उतरवील.